गुर्लहोसूरचे अण्णासाहेब आणि त्यांचे ‘सौभद्र’

दर वर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. १८४३ साली त्या दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, हे आपल्या मंडळातील शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मात्र त्याच्या तीन दिवस आधी येणारी २ नोव्हेंबर ही तारीख कोणाच्या ध्यानात राहत नाही. १८८५ साली त्या दिवशी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच आपले अण्णासाहेब किर्लोस्कर, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. ज्या गावी जन्मले त्याच गावी त्यांनी डोळे मिटले. ते गाव म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातील, सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूर.

अण्णासाहेबांचे नाव आपल्याला ठाऊक असते ते ‘संगीत शाकुंतल’चे कर्ते म्हणून. पण शंभर वर्षांहून अधिक काळ गावोगाव फिरत राहिलेले, गोव्याच्या देवळापुढच्या मांडवापासून बडोदा-इंदूरच्या नाट्यगृहापर्यंत लोकांना हसवत राहिलेले त्यांचे खरे लाडके नाटक म्हणजे ‘सौभद्र’. या माणसाने आपल्याला काय दिले आणि ते देण्यासाठी काय पणाला लावले, याचा थोडा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

दोन भाषांच्या अंगणात

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. म्हणजे सांगलीचे ‘सीतास्वयंवर’ आणि अण्णासाहेब एकाच वर्षीचे. अण्णासाहेब सात महिन्यांनी थोरले. किर्लोस्कर मंडळी मूळची कोकणातील. किर्लोस या गावावरून आडनाव पडले आणि घराणे पुढे घाटावर येऊन कानडी मुलखात स्थिरावले. पुढे उद्योगपती म्हणून नावारूपाला आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे, १८६९ सालचा त्यांचा जन्म. एका लहानशा गावाने एकीकडे नांगर आणि पंप दिले, दुसरीकडे संगीत नाटक दिले.

घरात मराठी आणि ओसरीच्या पलीकडे कानडी, अशा वातावरणात अण्णासाहेब वाढले. आपल्यापैकी बहुतेकांना हे निराळे समजावून सांगायला नको. बाजारात कानडी, देवघरात मराठी आणि गाण्यात जे कानाला गोड लागेल ते, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या भागात ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा कानडी खेळ लोकप्रिय होता. कृष्ण, रुक्मिणी आणि सत्यभामा यांच्या रुसव्याफुगव्यांचा, गाण्यांनी भरलेला तो खेळ गावकरी रात्ररात्र बघत बसत. लहानपणी कानावर पडलेल्या अशा चाली माणूस विसरत नाही. अण्णासाहेबही विसरले नाहीत.

बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण घरीच झाले. मग धारवाड, कोल्हापूर आणि पुढे पुणे असा शिक्षणाचा प्रवास झाला. पुण्यात मात्र पुस्तकापेक्षा नाटकाकडे ओढा अधिक. त्या काळी पुण्यात भावे यांच्या धर्तीच्या नाटक मंडळ्या येत असत. अण्णासाहेब त्यांच्यासाठी पदे रचून देऊ लागले, त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन बसू लागले. मॅट्रिकची परीक्षा काही पार पडली नाही. आजच्या पालकांना धडकी भरेल असाच हा मुलगा होता.

मग नोकऱ्या सुरू झाल्या. बेळगावला ते शिक्षक होते. इथेच त्यांना एक विद्यार्थी भेटला, त्याचे नाव गोविंद बल्लाळ देवल. पुढे ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे हेच देवल. गुरु-शिष्याची ही गाठ बेळगावच्या शाळेत पडली, ही गोष्ट आपण बेळगावकरांनी जरा अभिमानाने सांगायला हरकत नाही.

या काळात अण्णासाहेबांनी मित्रांना जमवून नाटक मंडळी काढण्याचा खटाटोपही केला. तो फार दिवस टिकला नाही. १८७३ साली त्यांनी ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिले. विषय भारदस्त, आद्य शंकराचार्यांचा. पण ते नाटक आज कोणी करीत नाही. पुढे अण्णासाहेब पुण्यात महसूल कमिशनरच्या कचेरीत कारकून झाले. वय पस्तिशीच्या पुढे गेले होते. घरसंसार, सरकारी नोकरी आणि मनात एक राहून गेलेले नाटक. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते.

एका पारशी खेळाने दिलेली चपराक

१८८० साली पुण्यात एका पारशी नाटक कंपनीचा मुक्काम पडला. तिने ‘इंद्रसभा’ हा खेळ लावला होता. लखनौच्या अमानत यांनी लिहिलेले हे उर्दू गीतनाट्य. इंद्राचा दरबार, पऱ्या, झगमगते पडदे आणि सगळीकडे गाणे. पात्रे स्वतः गात होती. अण्णासाहेबांनी हा खेळ पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले, की असे आपल्या भाषेत का होऊ नये?

या प्रश्नाचे मोल कळायला आधीचे मराठी नाटक कसे होते ते थोडे बघावे लागेल. भावे यांच्या पद्धतीत गाणे असे ते सूत्रधाराचे. मागे झांजा-मृदंग घेऊन तो आणि त्याचे साथीदार कथा गात. पात्रे पुढे येऊन त्या पदाचा अर्थ आपापल्या शब्दांत बोलत. लिहून दिलेले संवाद नसत. ज्याची जीभ चालेल त्याचे भाषण लांबे. राक्षस आला की आरडाओरडा, विदूषक आला की माकडचेष्टा. लोकांना ते आवडे, पण पात्राचे मन आणि पात्राचे गाणे यांची भेट होत नसे. सीतेचे दुःख सूत्रधार गाणार आणि सीता उभी राहून ऐकणार, असा तो प्रकार.

मुंबईकडे सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी त्याच सुमारास ‘नलदमयंती’सारखी नाटके संगीतात करून पाहिली होती. म्हणजे कल्पना एकट्या अण्णासाहेबांचीच होती असे नाही. पण कल्पना सुचणे वेगळे आणि तिला बाजारात पत मिळवून देणे वेगळे. ते काम अण्णासाहेबांनी केले.

त्यांनी हात घातला तो कालिदासाच्या ‘शाकुंतला’ला. पारशी कंपनीच्या पऱ्यांना उत्तर म्हणून संस्कृतातले सर्वांत नावाजलेले नाटक निवडले. भाषांतर केले, त्यात दोनशेच्या घरात पदे रचली आणि ती गाणाऱ्या पात्रांच्याच तोंडी घातली. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गोड गळ्याचे गायक नट त्यांना मिळाले. शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले. सूत्रधाराची भूमिका अण्णासाहेबांनी स्वतःकडे ठेवली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला.

प्रयोग लोकांना फार आवडला. पुण्यात जिकडे तिकडे ‘शाकुंतला’तील पदे गुणगुणली जाऊ लागली. या नाटकाची नांदी तर इतकी रुजली की पुढे नाटक कोणाचेही असो, संगीत नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वी तीच म्हणण्याचा प्रघात पडला. आजही आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात ती म्हटली जाते आणि म्हणणाऱ्या कित्येकांना ती अण्णासाहेबांची आहे हे माहीत नसते.

नोकरी सोडणारा कारकून

आता अण्णासाहेबांपुढे पेच उभा राहिला. नाटक चालले, मंडळी उभी राहिली, बाहेरगावची बोलावणी येऊ लागली. कचेरी सांभाळून हे होणारे नव्हते. शेवटी त्यांनी नोकरी सोडली.

मी सारा जन्म बँकेत काढला. महिन्याच्या अखेरीस ठरलेली रक्कम खात्यात जमा होणे म्हणजे काय, याची किंमत मला माहीत आहे. म्हणून अण्णासाहेबांच्या चरित्रात मला सर्वांत जास्त थांबवते ते हेच पान. १८८० च्या सुमारास सरकारी कचेरीतील नोकरी म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा. आणि नाटकवाला म्हणजे काय, तर ज्याला मुलगी द्यायला लोक कचरत, भाड्याने घर द्यायला कुरकुरत, असा माणूस. नाटकात तोंडाला रंग लावणे, त्यातही पुरुषाने लुगडे नेसून उभे राहणे, हे चांगल्या घरच्यांचे काम नव्हे असे सर्रास समजले जाई. ते ओझे चाळिशीला आलेल्या, पदरी संसार असलेल्या माणसाने आपण होऊन उचलले.

बरे, हा धंदा तरी कसा? नाटक मंडळी म्हणजे फिरता संसार. नट, गवई, तबलजी, सारंगिये, आचारी, पडदे ओढणारे, अशा सगळ्यांचे एकत्र बिऱ्हाड. एका पंक्तीला जेवण, एका छपराखाली झोप. पडद्यांच्या गुंडाळ्या आणि कपड्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव जायचे. जिथे आगगाडी होती तिथे आगगाडीने, नाहीतर बैलगाडीने. बेळगावला तर रेल्वे आली ती अण्णासाहेब गेल्यानंतर. गावात मुक्काम पडला की जागा बघा, तिकिटे खपवा, आजारी नटाच्या जागी दुसरा उभा करा. पाऊस लागला की उत्पन्न बंद आणि खर्च चालूच. तारण काहीच नाही, भांडवल म्हणजे दोन-चार माणसांचे गळे. गळा बसला की दिवाळे.

यात अण्णासाहेबांचे मोठेपण दिसते ते माणसे पारखण्यात. १८८२ साली बडोद्याचा एक तरुण त्यांनी मंडळीत आणला. लक्ष्मण बापूजी कोल्हटकर, म्हणजे पुढे सर्वांचे लाडके भाऊराव कोल्हटकर. जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे वय, देखणे रूप आणि तीक्ष्ण, उंच जाणारा गळा. बडोद्याच्या आपल्या सभासदांनी ध्यानात ठेवावे असे हे नाव. भाऊराव आले आणि अण्णासाहेबांना त्यांची सुभद्रा मिळाली.

देवांच्या घरचे लग्न

‘सौभद्र’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि पाच अंकी पूर्ण नाटक १८८३ च्या मार्च महिन्यात झाले. ‘शाकुंतल’ हे कालिदासाचे होते. ‘सौभद्र’ची मूळ कथा महाभारतातली खरी, पण नाटक सर्वस्वी अण्णासाहेबांचे.

गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले. अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला. इकडे थोरले बंधू बलराम यांनी सुभद्रेला दुर्योधनाला द्यायचे ठरवून टाकलेले. धाकटे बंधू कृष्ण यांना हे मान्य नाही, पण थोरल्या भावाला तोंडावर विरोध करायचा नाही. मग काय, नारदाची ये-जा, घटोत्कचाची पळवापळवी आणि अर्जुनाचा संन्याशाचा वेष. गंमत अशी की या तोतया संन्याशावर भाळून बलराम त्याला आपल्याच घरी आणतात आणि त्याच्या सेवेला सुभद्रेलाच नेमतात. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला दिसत असते. दिसत नसते ते फक्त बलरामाला आणि बराच वेळ बिचाऱ्या सुभद्रेला.

या नाटकात नवे काय होते? त्याआधी मराठी रंगभूमीवर देव यायचे ते देव म्हणूनच. मुकुट, गर्जना, वर आणि शाप. अण्णासाहेबांनी द्वारकेतल्या यादवांना आपल्या वाड्यातल्या माणसांसारखे बोलायला लावले. कृष्ण आणि रुक्मिणी यांचे बोलणे सुखवस्तू घरातल्या नवरा-बायकोचे आहे. तो थोडी फिरकी घेतो, ती थोडी रुसते. बलराम हा तर प्रत्येक एकत्र कुटुंबात असणारा थोरला भाऊ आहे. मनाने सरळ, रागाला पटकन चढणारा, साधुसंत दिसले की विरघळणारा आणि घरातल्या लग्नाचा निर्णय कोणाला न विचारता घेणारा. कुसुमावती ही मैत्रीण सुभद्रेची बाजू सांभाळते, जशी घरोघरी एखादी चुलत बहीण सांभाळते. संवाद साधे, रोजच्या मराठीतले. त्या काळच्या प्रेक्षकाला हे ताजे वाटले असणार, कारण देवांच्या वेषात त्याला आपलेच घर दिसत होते.

आणि गाणी! शंभराहून अधिक पदे या नाटकात आहेत, पण ती कुठे अडवून उभी राहत नाहीत. बोलता बोलता पात्र गाऊ लागते, गाता गाता कथा पुढे सरकते. कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावणीचा ठेका, हिंदुस्थानी रागदारी, घरात बायका म्हणतात तशा ओव्यांचे वळण आणि आपल्या भागातल्या कानडी पदांच्या चाली, हे सगळे अण्णासाहेबांनी एका पंगतीला बसवले. जुन्या छापील प्रती हाती आल्या तर पदांच्या डोक्यावर मूळ चालीची नोंद दिसते. तिथे कानडी गाण्यांचीही नावे आढळतात. गुर्लहोसूरच्या अंगणात ऐकलेले सूर पुण्याच्या रंगमंचावर असे पोहोचले आणि तिथून मराठीच्या घराघरात गेले. ज्यांनी ती पदे पाठ केली त्यांतल्या अनेकांना आपण कानडी चालीत गातो आहोत याचा पत्ताही नव्हता.

हलके नाटक, जड प्रश्न

‘सौभद्र’ हलकेफुलके आहे. कोणी मरत नाही, कोणावर तलवार चालत नाही, शेवटी सगळे एकत्र येतात आणि बलरामही हसतात. म्हणून काही अभ्यासक या नाटकाला करमणूक म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही.

१८८२ साल डोळ्यांपुढे आणा. मुलीचे लग्न ठरवताना तिला विचारणे ही गोष्ट बहुतेक घरांत कल्पनेतही नव्हती. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत होती. त्या काळात अण्णासाहेबांनी तीन-चार तासांचे एक नाटक केवळ एवढ्या गोष्टीवर उभे केले की मुलीचे मन एका ठिकाणी आहे आणि घरातला कर्ता माणूस तिला दुसऱ्या ठिकाणी देतो आहे. त्यांनी प्रेक्षकांना उपदेश केला नाही. त्यांनी कर्त्या माणसालाच हास्याचा विषय केला आणि देवाला मुलीच्या बाजूने उभे केले. प्रेक्षागृहात बसलेल्या कितीतरी बलरामांनी त्या बलरामाला हसून दाद दिली असेल. घरी जाताना त्यांतल्या एखाद्याच्या मनात काही तरी टोचले असेल, तर नाटकाने आपले काम केले.

याची साक्ष अण्णासाहेबांच्या शिष्याच्या लेखणीत सापडते. देवल यांनी मंडळीत तालीम घेण्याचे काम केले, गुरूची पद्धत जवळून पाहिली. १८९९ साली त्यांनी ‘शारदा’ आणले. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या चालीवर तो सरळ घाव होता. सुभद्रेच्या लग्नात हसून विचारलेला प्रश्न शारदेच्या लग्नात डोळ्यांत पाणी आणून विचारला गेला. आणि गुरूचा मिस्कीलपणाही देवलांनी सोडला नाही. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या विनोदी नाटकावरून इंग्रजीच्या वाटेने आलेली संशयी नवरा-बायकोची गोष्ट त्यांनी ‘संशयकल्लोळ’मध्ये मराठी केली. हसत हसत घरातले खरे बोलण्याची ही वाट ‘सौभद्र’नेच मोकळी केली होती.

आणखी एक गोष्ट. किर्लोस्कर मंडळीच्या नाटकांना घरंदाज कुटुंबे येऊ लागली. बायकाही येऊ लागल्या. अचकट-विचकट काही नाही, भाषा शुद्ध, गाणे उत्तम, गोष्ट पुराणातली. नाटकवाल्याच्या तोंडावर दार लावणारी घरे आता त्याच्या पदांच्या चाली शिकू लागली. अण्णासाहेबांनी नोकरी सोडताना जी प्रतिष्ठा गमावली होती ती त्यांनी साऱ्या धंद्याला मिळवून दिली, असे म्हटले तर ते फार होणार नाही.

अपुरे राहिलेले तीन अंक

यश आले, पण वेळ नव्हता. १८८४ साली अण्णासाहेबांनी ‘रामराज्यवियोग’ लिहायला घेतले. तीन अंक झाले, रंगभूमीवरही आले. पुढचे अंक झाले नाहीत. प्रकृती ढासळत गेली. सततचा प्रवास, जागरणे आणि मंडळीची काळजी ही औषधे नव्हेत. ते गुर्लहोसूरला परतले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी गेले.

तारखांचा हिशेब करायची मला सवय आहे. ३१ ऑक्टोबर १८८० ला ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब गेले. मध्ये पाच वर्षे आणि दोन दिवस. एवढ्या अवधीत दोन पूर्ण नाटके, एक अपुरे, एक मंडळी आणि एक नवी रंगभूमी. सदतिसाव्या वर्षापर्यंत हा माणूस परीक्षा न झालेला, एका जागी न टिकलेला, मंडळी काढून मोडलेला असाच दिसत होता. कोणी त्याच्यावर कर्ज मंजूर केले नसते. मीही केले नसते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मंडळी मात्र मोडली नाही. भाऊराव कोल्हटकरांनी १९०१ साली मृत्यू येईपर्यंत तिचा बोलबाला टिकवला. शंकरराव मुजुमदारांनी व्यवस्थापन सांभाळले आणि आपल्या मालकाचे चरित्रही लिहिले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, याच मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे १९१३ मध्ये ते बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिनेही ‘सौभद्र’ सोडले नाही. गाणी लांबत गेली, ऑर्गन आला, वन्समोअर वाढले, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालू लागले. कित्येकांनी तेव्हा कुरकुर केली की गाण्याने नाटक खाल्ले. ती तक्रार रास्त होती. अण्णासाहेबांची पदे आटोपशीर होती, ती नाटकासाठी होती. पण त्या पदांत एवढी जागा होती की प्रत्येक पिढीच्या गायकाला तिथे आपले बिऱ्हाड मांडता आले, हेही तितकेच खरे.

नंतर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. हिराबाई बडोदेकरांनी सुभद्रा उभी केली. चित्रपटांनी नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले तेव्हाही जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी आपल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेमार्फत ‘सौभद्र’ गावोगाव फिरते ठेवले. गोव्यात तर जत्रेला, देवळाच्या उत्सवाला गावातल्याच हौशी मंडळींनी ‘सौभद्र’ करायचे, शेतकऱ्याने अर्जुन आणि शिक्षकाने कृष्ण व्हायचे, ही परंपराच आहे.

कोणाचे अण्णासाहेब?

आपल्या भागात हा प्रश्न अधूनमधून निघतो, कधी गमतीने तर कधी तावातावाने. गाव कर्नाटकात, भाषा मराठी, चाली कानडी, प्रेरणा पारशी कंपनीच्या उर्दू खेळाची, कथा संस्कृतातली, सुभद्रा बडोद्याची आणि शिष्य बेळगावात भेटलेला. या सगळ्यातून एकाचे नाव खोडून दुसऱ्याचे लिहायचे तर ‘सौभद्र’ उरतच नाही. विष्णुदास भावे यांनी सांगलीचे पहिले नाटक केले तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहूनच. मराठी रंगभूमीचा पाया दोन वेळा घातला गेला आणि दोन्ही वेळा त्यात कानडी माती होती.

आपण सीमेवरची माणसे. आपल्याला अनेकदा वाटते की आपण मूळ घरापासून लांब पडलो, आपली भाषा कडेची, आपले संस्कार उसने. अण्णासाहेबांच्या बाबतीत झाले ते उलट. ते कडेवर वाढले म्हणून त्यांच्या कानात दोन भाषांचे गाणे होते आणि पुण्याला ठाऊक नसलेली चाल ते पुण्याला देऊ शकले.

आपल्या मंडळातील मुले आता इंग्रजी शाळेत शिकतात, घरी मराठी बोलतात आणि मित्रांशी कानडीत भांडतात. नाटकाचा प्रयोग आला की त्यांना भाषा कळणार नाही म्हणून आपण घरीच ठेवतो. पुढच्या वेळी ‘सौभद्र’ लागेल तेव्हा नातवंडांना बरोबर न्यावे, एवढीच विनंती. संन्याशाच्या वेषातला अर्जुन आणि त्याला स्वतःच्या हाताने घरात घेणारे बलराम पाहून ती हसतील, याची खात्री बाळगा. आणि परतताना गाडीत त्यांना सांगावे की हे नाटक लिहिणारे गृहस्थ मॅट्रिक झालेले नव्हते, इथे शाळेत शिकवत होते आणि त्यांचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे.